सरांनी नाकारलेली शाल

प्रा. दिनकर गंधे सरांची आणि माझी ओळख पाण्याच्या एका थेंबाने करून दिली.

मी केळापूर तालुक्यातल्या एका लहान गावातून तालुक्याच्या महाविद्यालयात आलो होतो. आमच्या गावच्या शाळेत विजेशी आमचा संबंध दोनच गोष्टींपुरता होता, दिवा लागणे आणि दिवा जाणे. पहिल्या वर्षाला, होळीच्या आसपासच्या एका दुपारी, सरांनी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेबलावर एक पांढरी चकती ठेवली. बिस्किटाएवढी चौकोनी, एक तांबडी आणि एक काळी वायर बाहेर आलेली. तिच्यावर त्यांनी बोटाने पाण्याचा थेंब सोडला आणि वायरी बॅटरीला जोडल्या. बघता बघता थेंब पांढुरका झाला आणि गोठला. त्या वेळपर्यंत मी बर्फ पाहिला होता तो फक्त बाजारात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला.

सरांनी नेमके मला विचारले, "बापू, थंडी कुठून आली?"

"वायरीतून आली जी."

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "थंडी कुठून येत नसते. ऊन जात असते. आता ते गेलं कुठं, तेवढं शोधून दे."

मी चकतीच्या खालच्या अंगाला बोट लावले आणि चटका बसून हात मागे घेतला.

"सापडलं?"

"सापडलं जी."

"मग ध्यानात ठेव. कुठंतरी चटका बसल्याशिवाय इथं गार होत नाही."

मग त्यांनी वायरींची अदलाबदल केली. तोच थेंब वितळला, कोमट झाला आणि आटून गेला. सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो तेव्हा तो चटका सर्वांत आधी आठवला.

सरांचे शिकवणे कसे होते, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. इतरांसाठी त्या दिवशीचेच थोडे सांगतो. सर म्हणत, तारेतून वीज गेली की तार तापते, मग वीज या बाजूने जावो की त्या बाजूने. इस्त्री आणि शेगडी याच नियमावर चालतात. पण दोन वेगवेगळे पदार्थ जिथे जोडलेले असतात, तिथे वीज उष्णतेची वाहतूक करते. एका जोडावरची उष्णता उचलते आणि दुसऱ्या जोडावर नेऊन टाकते. रिकामी बैलबंडी शेतात जावी आणि भरून घरी यावी तशी. विजेची दिशा बदलली की बंडी उलटी फिरते. पण बंडी चालली की तिचा आखही तापतो, आणि ती उष्णताही घालवावीच लागते. म्हणून गरम बाजूला नेहमी जास्त मिळते. वीज वाढवत गेले तर एका मर्यादेनंतर आखच इतका तापतो की थंड बाजूही थंड राहत नाही. "हा सौदा कधीच आपल्या बाजूनं सुटत नाही," असे सर म्हणत, आणि फळा पुसत.

मी देवभोळ्या घरातला. मला ते पदार्थविज्ञानापेक्षा मोठे काही वाटे. जगात कुठे थोडा गारवा असेल तर त्याची झळ कोणाला तरी लागत असणार, या विचाराने मी कित्येक दिवस अस्वस्थ होतो. सरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तू त्यात देव आणू नको. देव आणला की माणूस मोजायचं सोडतो." सर स्वतः देवळात जात नाहीत. पण केळापूरच्या देवीला मी जाई तेव्हा बाहेर लिंबाखाली माझ्या चपला राखत उभे राहिलेले सर मी पाहिले आहेत.

सरांचा खरेपणा मी एका विज्ञान प्रदर्शनात पाहिला. उद्घाटनाला मोठे पाहुणे आले होते आणि थेंब गोठवण्याचा प्रयोग दाखवायचा होता. बॅटरी उतरली होती. थेंब काही गोठेना. एका सहकाऱ्याने सरांच्या कानात सांगितले, रसवंतीवरून बर्फाचा खडा आणून ठेवतो, पाहुण्यांना काय कळते. सरांनी पाहुण्यांकडे वळून स्वच्छ सांगितले, "आज झालं नाही. बॅटरी तपासायची राहिली, चूक माझी आहे." पाहुणे पुढच्या टेबलाकडे गेले. सर मात्र सगळे निघून जाईपर्यंत त्या थेंबाकडे बघत बसले होते. स्वतःची चूक चारचौघांत सांगून मोकळे व्हायचे, ही त्यांची रीत. पुढे याच रीतीने त्यांना सर्वांत जास्त छळले.

मी मारेगावच्या एका शाळेत विज्ञान शिक्षक झालो तेव्हा शाळेत प्रयोगाचे साहित्य म्हणून एक तुटका लोहचुंबक होता. सर सुटीच्या दिवशी एसटीने पिशवी घेऊन येत, मुलांना प्रयोग दाखवत आणि आमच्या घरी पिठले-भाकरी खाऊन परत जात. निवृत्तीनंतरही त्यांनी यात खंड पडू दिला नाही. अशाच एका भेटीत त्यांनी माझ्या मुलीला पहिल्यांदा नीट पाहिले.

गौरीला जन्मापासून घाम येत नाही. तिच्या अंगात घामाच्या ग्रंथीच नाहीत. केस विरळ, दात मोजके. हे एवढेच असते तर आम्ही देवाचे आभार मानले असते. पण आपल्या जिल्ह्यात ज्याला घाम येत नाही, त्याला वर्षातला मोठा काळ घराबाहेर जागा नाही. फाल्गुनापासून मृगापर्यंत गौरी कूलरच्या खोलीत असे. वीज गेली की तिची आई, सुनीता, तिचा सदरा पाण्यात बुडवून तिच्या अंगात घाली. ओला सदरा हाच तिचा घाम. उन्हाळ्यात तो लवकर वाळे आणि पुन्हा भिजवावा लागे. पावसाळ्याच्या तोंडाला हवा दमट झाली की तो वाळेही ना आणि गारही करी ना. त्या दिवसांत ती फरशीवर पालथी पडून राही.

सरांनी तिला विचारले, "काय करतेस दिवसभर?"

ती म्हणाली, "वाळून राह्यली, सर."

सर त्या दिवशी जेवले नाहीत. जाताना दारात मला म्हणाले, "हिची पाठ मोजून पाठव."

पुढची काही वर्षे सरांनी त्या एकाच कामाला दिली. जाकीट करायचे ठरले. आत, पाठीच्या कण्यालगत, धातूची पट्टी, तिच्यावर त्या पांढऱ्या चकत्या, थंड अंग आत, गरम अंग बाहेर, गरम अंगावर ॲल्युमिनियमची पाती आणि लहान पंखे, बॅटरी कमरेला. पाती बसवून द्यायला पांढरकवड्याचे रशीदभाई होते. ते कूलर आणि फ्रीज दुरुस्त करतात. पहिल्यांदा गौरीने जाकीट घातले तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"या अल्ला! पोरगी नाही, फटफटीचं इंजिन दिसून राह्यलं."

"चाचा, पाहून घ्या, पण किक नोका मारू," गौरी म्हणाली.

आमच्या घरात इतके मोठ्याने कोणी हसल्याचे मला त्याआधीचे आठवत नाही.

त्या दिवशी ती भर दुपारी अंगणात गेली, पेरूच्या झाडापर्यंत, आणि परत आली. सुनीता दारात उभी राहून रडत होती. सरांनी गौरीच्या पाठीला हात लावून पाहिला, पात्यांना लावून पाहिला, आणि म्हणाले, "हा घाम नाही. उसना घाम आहे. याला एकच पथ्य. पाठ उघडी पाहिजे. पात्यांना वारा लागला पाहिजे. वर काही म्हणजे काही घ्यायचं नाही. सांग काय सांगितलं?"

"पाठ उघडी पायजे."

"काहून?"

"नाहीतं गेलेलं ऊन वापस येते."

हे ते तिच्याकडून प्रत्येक भेटीत म्हणवून घेत. ती कंटाळून म्हणे, "सर, पाढे तरी बदलवा."

मग सुनीताच्या भावाचे, गौरीच्या मामाचे, लग्न ठरले. मुलगी बोरी अरबची, लग्न तिच्या गावी, वैशाखात, मुहूर्त दुपारचा. नवरदेवाची करवली म्हणून कऱ्हा, म्हणजे पाण्याचा मंगलकलश, कोण धरणार, असे बोलणे निघाले तेव्हा मामा म्हणाला, "माही गौरी धरीन. नाहीतं मी घोड्यावर बसतच नाही." आजवर गौरीने कोणाचेही लग्न पाहिले नव्हते. लग्ने आपल्याकडे उन्हाळ्यात असतात, आणि उन्हाळ्यात ती खोलीत असे. तिचे म्हणणे इतकेच होते की ओला सदरा घालायचा नाही. नवा घागरा, कोरडा, सगळ्या मुलींसारखा. शिंप्याने पोलक्याची पाठ कापून पात्यांना जागा केली. सर स्वतः बरोबर यायला तयार झाले. तापमापक त्यांच्या खिशात होता.

बोरी अरबच्या शिवेवर मुलीकडच्यांनी वरपक्षाचे स्वागत केले. आपल्याकडे मानकऱ्यांना टोपी आणि दुपट्टा देण्याची रीत आहे. जावई म्हणून मला दिला. गुरुजी म्हणून सरांना दिला, आणि त्यांचा मान मोठा म्हणून दुपट्टाही जाड, काठाचा. सर संकोचले, पण त्यांनी तो खांद्यावर घेतला.

मारुतीपासून मांडवापर्यंत वरात निघाली. बॅन्डवाल्यांच्या पुढे मुले नाचत होती आणि वरात पुढे सरकत नव्हती. घोड्याजवळ कऱ्हा घेऊन गौरी, तिच्या शेजारी सर. दर थोड्या वेळाने ते तिच्या मानेला हात लावून पाहत आणि मला दुरून मान हलवून खूण करत, सगळे ठीक आहे. तिच्या चेहऱ्यावर जे होते ते मी शब्दांत सांगू शकत नाही. ऊन मात्र चढत होते. रस्त्याच्या कडेला उभ्या बाया कळवळून बोलत होत्या.

"अवो, पोरीच्या डोक्यावर तं काही टाका!"

"कोणाची व पोरगी? ऊन लागून राह्यलं तिले."

आपल्याकडे उन्हात निघालेल्या लेकराच्या डोक्यावर काही नसेल तर पाहणाऱ्याचा जीव तुटतो. दुपट्टा बांधल्याशिवाय आपण कोणाला उंबरा ओलांडू देत नाही. हे आपल्या हातात असते, विचारात नसते. सरांनी आपल्या खांद्यावरचा मानाचा दुपट्टा काढला, गौरीच्या डोक्यावरून घेतला, पाठीवर नीट पसरला आणि दोन्ही टोके पुढे घेऊन तिच्या कमरेला खोवली. एखादा आजा करील तसे. बायांनी "बरं झालं" म्हटले. आम्हा सगळ्यांनाही ते बरे वाटले.

वारा बंद झाला. पाती तापू लागली. चकत्या आपले काम करतच होत्या. तिच्या पाठीची उष्णता उचलून दुपट्ट्याखाली साठवत होत्या, आणि साठलेली उष्णता धातूतून परत तिच्याच पाठीत उतरत होती. ती बोलली नाही. काहून बोलली नाही, हे मी तिला नंतर विचारले. ती म्हणाली, "मले वाटलं सरनं काही नवीन शोधून काढलं असन." आणि हातात कऱ्हा होता. करवलीने तो मांडवापर्यंत खाली ठेवायचा नसतो.

मांडवाच्या दारात कऱ्हा पडला. बॅन्डच्या आवाजात तो कोणाला ऐकू गेला नाही. सरांनी तिला सावरायला पाठीला हात लावला आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी माझ्या आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी दुपट्टा ओढून काढला, जाकिटाच्या वायरी दातांनी तोडल्या. लोकांनी पिण्याच्या पाण्याचे ड्रम तिच्यावर उपडे केले. दारव्ह्याच्या डॉक्टरांनी काय झाले विचारले तेव्हा मी बोलण्याआधी सर पुढे झाले. "पाती मी झाकली. मी. मला माहीत असून."

गौरी वाचली. पण ताप मेंदूत गेला होता. तिची चाल अजून सरळ नाही, भिंतीला हात लावून चालते. बोलताना शब्द लांबतात. आता ती आणि तिची आई चिखलदऱ्याला एका खोलीत राहतात. मी इकडे शाळेत. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यात हिला खाली आणू नका. खाली म्हणजे तिचे गाव, तिचे घर, तिचे पेरूचे झाड. आणि गेल्या खेपेला गेलो तेव्हा पाहिले, चिखलदऱ्यातही घराघरांच्या खिडक्यांत कूलर बसू लागले आहेत. त्याहून वर नेण्यासारखे आमच्याकडे काही नाही.

लोकांना वाटते मी सरांना क्षमा केली. खरे सांगायचे तर क्षमा हा शब्द मला मोठा वाटतो. ज्या माणसाने माझ्या मुलीला तिच्या आयुष्यातली पहिली कोरडी दुपार दिली, त्याच्याच हाताने शेवटचीही आली. दोन्ही हात एकच आहेत. मी रोज पूजेला बसतो, आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत म्हणून तशाच देवापुढे ठेवून उठतो. देवाने अजून त्या दोन गोष्टींचे काही केलेले नाही.

सरांनी त्यानंतर प्रयोग करणे सोडले. महाविद्यालयातल्या त्यांच्या प्रयोगशाळेतही आता बाके रचून ठेवली आहेत. विषय घ्यायला मुले उरली नाहीत. जाकीट सरांच्या घरी खुंटीला आहे, दुपट्टा नाही. गौरव समिती त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली, बोरी अरबचा प्रसंग या ग्रंथात जसा घडला तसा छापायचा, आणि तो मी लिहायचा. दुसरी, सत्कार करा, पण खांद्यावर शाल घालायची नाही.

समितीने मला त्यांचे मन वळवायला पाठवले. शालीशिवाय सत्कार कसा दिसेल, असे सगळ्यांचे म्हणणे. सर पडवीत बसले होते. मी म्हटले, "सर, समारंभ पौषात आहे. थंडीत शाल घेतली तर काय बिघडते?"

"माझ्या अंगावर शाल पडली की ती मला कोणाच्या तरी पाठीवर दिसते."

"सर, लोकांना तुम्हाला दीर्घायुष्य चिंतायचे आहे."

"कायले? अजून एक उन्हाळा पाहायले?"

तेवढ्यात गौरीचा फोन आला. ती रोज त्याच वेळेला करते. मी कुठे बसलो आहे आणि कशासाठी, ते तिला सांगितले. ती एकेक शब्द ओढत म्हणाली, "बाबा... सरले नको असन... तं जबरदस्ती नोका करू. मले आणून द्याजा ते शाल. इथं... लय थंडी वाजते."

फोनचा आवाज मोठा होता. सरांनी ऐकले. हात मांडीवर तसेच होते, तळवे वर केलेले. मी निघालो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "खरंच वाजते का तिला थंडी? की मला बरं वाटावं म्हणून म्हणते?"

मी म्हटले, "खरंच वाजते, सर. तिथे दव पडते."

"मोजून सांगशील?"

"सांगीन."

सरांनी शाल घ्यायचे कबूल केलेले नाही. हा लेख छापायला जाईपर्यंत तरी नाही. समितीने शाल आणून ठेवली आहे. समारंभात ती कोणाच्याही खांद्यावर जाणार नाही. दुसऱ्या दिवशी मी ती चिखलदऱ्याला घेऊन जाणार आहे, आणि माझ्या पिशवीत सरांचा तो जुना तापमापक असेल.

या ग्रंथात इतर मंडळी सरांना उदंड आयुष्य चिंततील. जुन्या लोकांनी आशीर्वाद देताना माणसाला शंभर शरद मागितले, शंभर उन्हाळे मागितले नाहीत. त्यांना हे ऊन ठाऊक असावे. मीही देवाजवळ सरांसाठी उन्हाळे मागत नाही. हिवाळे मागतो. प्रकृती धडधाकट राहो, हात स्थिर राहोत, आणि पुढच्या कुठल्या तरी पौषात चिखलदऱ्याच्या त्या खोलीत, गौरीला थंडी वाजत असताना, त्यांनी स्वतःच्या हातांनी ती शाल तिच्या पाठीवर पसरावी. तोवर तरी, देवा, त्यांना राहू दे.